गुण्यातला मांडव

चाकणच्या त्या कंपनीत योगिनीला सगळे मायक्रॉनबाई म्हणत. ब्रेकच्या सिलिंडरचं भोक ठरल्या मापाचं आहे की नाही, हे तपासायचं तिचं काम. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा कमीजास्त झाला तरी ती तो नग लाल क्रेटमध्ये टाकायची, मग सुपरवायझर डोळे वटारो नाहीतर हात जोडो. नऊ वर्षं तिनं हेच केलं. परभणीहून लग्न होऊन आली तेव्हा साडीच्या घडीत आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, त्यावर तिला इथं चिकटता आलं. नवरा प्रितम भोसरीला वर्कशॉपमध्ये, मुलगी सायली तिसरीत, आणि मेदनकरवाडीत एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. एवढा तिचा संसार.

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी तिनं गेटवर कार्ड लावलं तर फाटक उघडलं नाही. तिला वाटलं, कार्ड घामानं खराब झालं असेल. पदराला पुसून परत लावलं. तेवढ्यात मागच्या माणसाचंही तेच झालं, त्याच्या मागच्याचंही. सव्वासातपर्यंत गेटबाहेर त्रेसष्ट माणसं उभी होती. भिंतीवर एक कागद डकवला होता. ठेकेदाराशी असलेला करार संपला आहे, त्यामुळे त्याच्या कामगारांशी कंपनीचा काही संबंध राहिलेला नाही, इतकंच त्यात होतं. नऊ वर्षं आपण कंपनीचे नव्हतो, ठेकेदाराचे होतो, हे योगिनीला ठाऊक होतं. पण ते कागदावर ठाऊक असणं वेगळं आणि गेटबाहेर उभं राहून कळणं वेगळं.

ठेकेदाराचं ऑफिस वाकडला एका टॉवरच्या चौथ्या मजल्यावर होतं. दोघं जण बाइकवर जाऊन आले. दाराला कुलूप, काचेतून आत बघितलं तर नुसत्या खुर्च्या.

असेंब्ली लाइनवरचा जयदीप तोंडानं खमक्या होता. तो म्हणाला, "आता घरी जाऊन बसलो तर संपलंच. इथंच बसायचं, यांच्या डोळ्यांसमोर."

पण बसायचं कुठं? रस्त्यावर बसले तर कंटेनर अडतात, भिंतीला टेकले तर ती कंपनीची. ड्यूटीवरचा हवालदार भला माणूस होता, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. तो म्हणाला, "राव, कुणाच्या खासगी जागेत बसलात तर माझं काही म्हणणं नाही. बाकी कुठं बसू देता येणार नाही."

तेव्हा दत्तोबा पुढे आले. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर ते रोज सकाळी बसलेले असायचे, त्यामुळे चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. सत्तरीचा म्हातारा, धोतर आणि वर मळका स्वेटर, उन्हाळा असो की हिवाळा. कंपनी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांची होती. नऊ एकर. ती गेली, पोरांनी आलेल्या पैशाची आपापली सोय लावली, एक वाकडला फ्लॅटमध्ये गेला, दुसरा मोशीला हॉटेल चालवतो. भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये मात्र एक चिंचोळी पट्टी मोजणीतून सुटून राहिली होती. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती, जेमतेम अर्धा गुंठा. तिच्या कडेनं दत्तोबांनी हद्दीचे दगड रोवले होते आणि दर शनिवारी येऊन ते तिथलं गवत उपटायचे.

"माझ्या जाग्यात बसा," ते म्हणाले. "सातबाऱ्यावर नाव हाय माझं. त्यात कुनाला काय बोलायचं न्हाई."

हवालदारानं कंपनीत फोन लावला. आतून निरोप आला तो असा: दगडांच्या आत काय ते करा, पण मांडवाची एक खुंटी जरी बाहेर आली तरी ते अतिक्रमण, अकरा वाजता कंपनीचा माणूस येऊन मोजणार.

एकानं भाजी मंडईतून ताडपत्री आणली, सहा बांबू आणले, खुंट्यांना सळईचे तुकडे मिळाले. नऊ वाजून गेले होते. मग मापाची वेळ आली आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. दिवसभर मापं घेऊन पोट भरणारी माणसं ती. पण टेपा, पट्ट्या, काटकोन्या सगळं आत लॉकरमध्ये. गेटवरच्या सिक्युरिटीला विचारलं, तर तो म्हणाला, "लॉकरचं सामान कुरिअरनं घरी येईल." एकाला टेप आणायला बाइकवर पिटाळलं, तर तो तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकला. एकीनं मोबाइलमधलं मापाचं अॅप काढलं. त्यानं तीन वेळा तीन आकडे दाखवले.

"डोळ्यानं उभा करू," जयदीप म्हणाला. "भिंत सरळ आहे ना? भिंतीला धरून चला."

भिंतीला धरून चौघांनी खुंट्या ठोकल्या, बांबू उभे केले, ताडपत्री चढवली. योगिनीनं लांब जाऊन बघितलं. ताडपत्री एका कोपऱ्यात ताणून टरारली होती, दुसऱ्या कोपऱ्यात झोळीसारखी लोंबत होती आणि रस्त्याकडची खुंटी दगडाच्या बाहेर हातभर गेली होती. भिंत सरळ नव्हतीच. लांबच लांब असल्यामुळे नजरेला सरळ वाटत होती, इतकंच.

मायक्रॉनबाई म्हणवणारी ती, पण अर्ध्या गुंठ्यात चार खुंट्या चौकोनात बसवता येईनात. दहा वाजत आले होते. माणसं तिच्याकडे बघत होती, कारण मापाचं माणूस म्हणजे तीच.

टपरीपाशी बसून दत्तोबा हे सगळं बघत होते. उठून आले.

"पोरी, मांडव गुण्यात न्हाई," ते म्हणाले.

गवंडी कोपरा काटकोनात आहे की नाही ते ज्या लोखंडी कोनानं तपासतो, त्याला गुण्या म्हणतात, हे योगिनीला माहीत होतं. ती म्हणाली, "बाबा, गुण्या आणायचा कुठून?"

"गुण्या कशाला लागतोय? दोरी हाय न्हवं?"

त्यांनी एक बारीक बांबू हातभर तोडून घेतला. सुतळी जमिनीवर पसरली, काठी तिच्यावर ठेवली आणि काठीच्या लांबीवर एकेक गाठ मारत गेले. गाठ मारताना त्यांची जीभ ओठांतून जराशी बाहेर यायची. गाठीगाठींमधली अशी बारा घरं झाल्यावर सुतळीची दोन्ही टोकं एकमेकांना बांधली. मग दोन दगडांमध्ये वेगळी दोरी ताणून तिच्यावर, दगडापासून वीतभर आत, एक खुंटी ठोकायला लावली.

"ह्यो आपला कोपरा. भिंतीकडं बगायचंच न्हाई. भिंत त्यांची हाय." त्यांनी सुतळीची एक गाठ खुंटीला अडकवली. "हिथनं तीन घरं ताणलेल्या दोरीवर. तू धर. हिथनं चार घरं आत. जयदीप, तू धर. ऱ्हायली पाच घरं तुमा दोघांच्या मदी. आता वढा, ढिली ऱ्हाता कामा नये."

तिघांच्या मध्ये सुतळीचा त्रिकोण ताणला गेला. योगिनीच्या डोक्यात दहावीचं गणित लख्ख उजळलं. तीन, चार, पाच. कर्णाचा वर्ग.

"बाबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमच्या गावात चिमाजी सुतार हुता. गावातल्या समद्या लग्नाचं मांडव त्योच घालायचा. त्याच्या हाताखाली मी दोरी धरायचो." ते खाली वाकून कोपऱ्याकडे बघत होते. "मांडव तिरका असला तर वारा धरतोय, म्हनायचा. गुण्यात असला तर वारा त्याला मानतोय."

पहिला कोपरा बसला, त्याच दोरीनं दुसरा बसला. ताडपत्रीच्या दोन्ही बाजू दोरीवर घेऊन तेवढ्या लांबीवर उरलेल्या दोन खुंट्या ठोकल्या. योगिनीला वाटलं झालं. दत्तोबा म्हणाले, न्हाई झालं. त्यांनी एका लांब दोरीचं टोक एका कोपऱ्याला धरायला लावलं, समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत ताणली आणि तिथं चिमटीत धरली. तीच चिमूट न सोडता ती दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर आणली. एक मूठ कमी पडली.

"दोन्ही तिरपं सारखं आलं पायजे. तवर तो चौकोन न्हवं."

पलीकडच्या दोन खुंट्या त्यांनी बरोबरीनं अर्धी मूठ सरकवल्या. परत दोरी धरली. आता बोटभर. परत सरकवल्या. तिसऱ्या वेळी दोरी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आणि त्या कोपऱ्यापासून या कोपऱ्यापर्यंत सारखी भरली. बांबू उभे राहिले, ताडपत्री चढली आणि चारी बाजूंनी अशी तंग बसली की कुणीतरी वरून चापट मारली तर डफासारखा आवाज आला. सकाळपासून पहिल्यांदाच माणसं हसली.

अकरा वाजता कंपनीचा माणूस आला. तो सुजित होता. सात वर्षांपूर्वी कॉलेजातून थेट क्वालिटीत आलेला इंजिनिअर, आता त्याच विभागाचा मॅनेजर. सिलिंडरच्या भोकात गेज कसं धरायचं, ते त्याच्या हाताला हात लावून योगिनीनंच शिकवलं होतं. आज त्याच्या हातात लेझरचं मीटर होतं. तो कुणाकडे न बघता एकेका कोपऱ्यावर गेला, लाल ठिपका टाकला, आकडे वहीत लिहिले. दगडांपासूनचं अंतर मोजलं. शेवटी, कुणी सांगितलं नव्हतं तरी, दोन्ही कर्ण मोजले. सवयच तशी.

"कशानं मोजलं तुम्ही?" त्यानं विचारलं.

"सुतळीनं," योगिनी म्हणाली.

तो मीटरकडे बघत राहिला. "फरक नऊ मिलीमीटर आहे फक्त."

"टॉलरन्समध्ये बसतंय का सर?"

सुजितच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं, ते त्यानं आवरलं. "बसतंय, मॅडम," तो म्हणाला, वहीत टिक केली आणि आत निघून गेला.

त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, आपण काहीतरी जिंकलो. योगिनीलाही वाटलं. संध्याकाळी तिनं प्रितमला सगळं सांगितलं, सायलीला जमिनीवर दोरी ताणून तीन-चार-पाच दाखवलं. प्रितम ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मांडव छान झाला. पण पुढं काय?"

पुढं काहीच झालं नाही. हेच अवघड होतं. त्यांना वाटलं होतं, आतून कुणी येईल, बोलेल, रागावेल, धमकी देईल. कुणीच आलं नाही. तिसऱ्या दिवसापासून गेटमधून नवी माणसं आत जाऊ लागली, नव्या ठेकेदाराची, निळ्या टीशर्टातली. ती मांडवासमोरून जाताना मोबाइलमध्ये बघायची. निवेदन दिलं, पोच मिळाली. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तारीख मिळाली, त्या तारखेला कंपनीचा वकील आला आणि ही माणसं आमची नाहीत एवढं एकच वाक्य बोलून गेला. ठेकेदाराचा फोन लागत नव्हता.

ऊन वाढत होतं. ताडपत्रीखाली दुपारी भट्टी व्हायची. आठव्या दिवशी माणसं चाळीस झाली, बाराव्या दिवशी एकोणीस. कुणाला गावाकडे काम निघालं, कुणाला भाऊ घ्यायला आला. जाताना जो तो योगिनीला सांगून जायचा, जणू तिची रजा घेतोय. ती काय म्हणणार? जा म्हणायची.

पंधराव्या दिवशी सकाळी जयदीप निळा टीशर्ट घालून गेटमधून आत गेला. मांडवापाशी थांबला तेवढं. म्हणाला, "ताई, बायकोला सातवा महिना आहे." तिनं मान हलवली. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. राग यायलाही समोर कुणीतरी असावं लागतं.

दत्तोबा मात्र रोज येत. खुंट्या तपासत, दोऱ्या आवळत. वाऱ्यानं एखादा बांबू हलला की दोरीनं दोन्ही तिरपं परत मोजत. मांडवात आता सात माणसं उरली होती, पण मांडव पहिल्या दिवसासारखाच तंग होता.

सतराव्या दिवशी हवालदार कागद घेऊन आला. हवालदार म्हणून नव्हे, शरमल्यासारखा आला. कंपनीनं जुनी कागदपत्रं शोधून काढून अर्ज केला होता. ही पट्टी कंपनीच्याच मालकीची आहे, अकरा वर्षांपूर्वी खरेदी झालेली आहे, सोबत खरेदीखताची झेरॉक्स.

"खोटं हाय," दत्तोबा म्हणाले. त्यांनी स्वेटरच्या आतल्या खिशातून सातबारा काढला. लॅमिनेट केलेला, कडा पिवळ्या पडलेला. "हे बगा नाव."

हवालदारानं बघितलं. "बाबा, हा बारा वर्षांपूर्वीचा उतारा आहे."

योगिनीनं त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि राजगुरुनगरला नेलं. तहसीलमधल्या कारकुनानं गट नंबर टाकला, पडदा त्यांच्याकडे वळवला. नाव कंपनीचं होतं. दत्तोबांना वाचता येत होतं. तरी त्यांनी बोट ठेवून योगिनीला वाचायला लावलं. मग खरेदीखताची प्रत काढली. शेवटच्या पानावर फोटो, अंगठा आणि सही. दत्तोबांची सही ठळक होती, शाळकरी मुलासारखी, वेलांटी काळजीनं काढलेली.

बाहेर लिंबाच्या पारावर ते बसले.

"सही माझीच हाय," ते म्हणाले. "कंपनीचा मानूस घरी आल्ता. पेढ्याचा बॉक्स घिऊन. म्हनला, तुमच्या जाग्यातनं गटाराची लाइन न्यायची हाय, परवानगी पायजे. गाडीतनं सरकारी हापिसात घिऊन गेला. फोटू काडला, मशिनीवर अंगठा घेतला. मी म्हनलं, परवानगीला लागत आसंल."

"कागद वाचला नाही तुम्ही?"

"जाड हुता. आन मानूस चांगला बोलत हुता."

पारापाशीच एक वकील बसायचे. त्यांनी कागद चाळला. अकरा वर्षं झाली आहेत, मुदत गेली, दावा लावता येईल पण तुमच्या हयातीत निकाल लागेल असं मी खोटं सांगणार नाही, असं ते नीट, समजावून बोलले. दत्तोबा त्यांना नमस्कार करून उठले.

परत येताना स्कूटरवर ते एकदाच बोलले. "दर शनवारी गवत काडायचो मी. त्यांनी बगितलं आसंल ना खिडकीतनं. कुनी बोललं न्हाई."

हवालदारानं सांगितल्याप्रमाणे दुपारी तीनपर्यंत जागा मोकळी करायची होती. सात जणांनी मिळून मांडव उतरवला. उभा करायला सबंध सकाळ गेली होती, उतरवायला वीस मिनिटं लागली. ताडपत्री घडी घातली तर कोपऱ्याला कोपरा बिनचूक जुळला. दत्तोबा खुंट्या उपटत होते, तिथं कुणाची मदत घेईनात. दगड मात्र तसेच राहू दिले.

तेवढ्यात सुजित गेटबाहेर आला. योगिनीला बाजूला बोलावलं.

"मॅडम, क्वालिटीत एक जागा आहे. नवीन ठेकेदाराकडून. मी नाव घातलंय तुमचं." तो बुटाच्या टोकाकडे बघत होता. "ट्रेनी म्हणून घ्यावं लागेल. फॉर्ममध्ये अनुभव लिहू नका, शून्य लिहा. नाहीतर सिस्टीम घेत नाही."

योगिनीला पुष्कळ बोलता आलं असतं. हात धरून शिकवलं ते काढता आलं असतं. पण जूनमध्ये सायलीची चौथी सुरू होणार होती, आणि प्रितमच्या वर्कशॉपमध्ये आठवड्यातले चारच दिवस काम होतं. शिवाय या माणसाच्या हातातही काही नाही, हे तिला त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून दिसत होतं.

"कधी यायचं?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

"बरं," ती म्हणाली.

दत्तोबांना घरी सोडायला ती गेली. ते नको म्हणत होते, पण चालताना त्यांचा तोल जात होता. महाळुंगेच्या जुन्या गावठाणात दोन खोल्यांचं घर, दारात तुळस, पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडया. त्यांची बायको केसरबाई गुडघे धरून बाहेर आली. योगिनीला बघून तिला इतका आनंद झाला की हात धरून आत नेलं.

"हीच व्हय ती? मापाची बाई? रोज तुजंच नाव घेत्यात. बस. चा ठिवते."

दत्तोबा बाजेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. केसरबाईचं बोलणं चुलीपाशी चालूच होतं. लई वर्सांनी ह्यांना काम मिळालंय बग. सकाळी उठून निघत्यात, दोऱ्या न्हेत्यात, जेवायची सुद न्हाई. जमीन गेल्यापासनं मानूस नुसतं टपरीवर बसून ऱ्हायचं. आता कसं तोंडावर तेज आलंय.

योगिनीनं दत्तोबांकडे बघितलं. ते कुडाच्या भिंतीकडे बघत होते. सांगायचं की नाही, सांगायचं तर कुणी? पण तो त्यांचा कागद होता, त्यांची सही होती. तिनं बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत बसली.

केसरबाईनं दुसरी कपबशी नवऱ्याच्या हातात दिली.

"मग, काय म्हनत्यात कंपनीवालं? मांडव हाय का उभा?"

"हाय," दत्तोबा म्हणाले. "उभा हाय."

"गुण्यात?"

"व्हय. गुण्यात."

केसरबाईला बरं वाटलं. ती कुरडया काढायला बाहेर गेली. दत्तोबांनी चहा घेतला नाही. कपावर साय धरत होती. योगिनी आपला चहा संपवून तशीच बसून राहिली. सायलीची शाळा सुटायची वेळ झाली होती, उठायला हवं होतं, पण आता या माणसाला एकट्याला सोडून कसं उठावं, ते तिला कळत नव्हतं.